टिपणीसकाकांकडची तलवार

कार्डिफला मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा डॉक्टर टिपणीसांनी दार उघडलं आणि माझे बूट निघायच्या आत सगळं सांगून टाकलं. "खोली थंड आहे. वरचा शॉवर गळतो. आमची ही फार बोलते. तरी बघायचीय?"

आतून आवाज आला, "अहो, तिला आत तर येऊ द्या!"

"हे बघ," डॉक्टर म्हणाले.

मी खोली घेतली. दोन हजार चार साल असेल. पुण्याच्या कंपनीने मला दीड वर्षासाठी तिकडे विलायतेत पाठवलं होतं. त्याआधी बघितलेल्या तीन घरांचे मालक आपापल्या खोलीला 'लव्हली' म्हणाले होते आणि तिन्ही ठिकाणी भिंतीला बुरशी होती. इथे निदान काय सोसायचं ते आधी कळलं होतं. दीड वर्षाची तीन वर्षं झाली. शॉवर शेवटपर्यंत गळत होता.

काका भूलतज्ज्ञ होते. तीस वर्षं त्याच गावातल्या हॉस्पिटलात लोकांना झोपवून आणि न चुकता उठवून ते रिटायर झाले होते. उंच, किडकिडीत, पाठ ताठ, घरातसुद्धा शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलेलं. हात धुवायचे ते कोपरापर्यंत आणि घड्याळ बघून दोन मिनिटं. चहाच्या आधी, जेवणाच्या आधी, पेपर वाचून झाल्यावर, कुणाशी हस्तांदोलन झाल्यावर तर धुवायचेच. "लग्नात माझा हात यांच्या हातात दिला," काकू सांगायच्या, "आणि विधी संपल्या संपल्या हा माणूस मोरीत हात धुवायला गेला. तेव्हाच मला कळायला हवं होतं." काका हे शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "हळद होती हाताला."

पण हात धुण्यापेक्षा त्यांची ख्याती होती ती खरं बोलण्याबद्दल. तिकडे सुई टोचायच्या आधी डॉक्टर आणि नर्सेस "जस्ट अ शार्प स्क्रॅच" असं म्हणतात. नुसता एक ओरखडा. काका म्हणायचे, "दिस विल हर्ट." एका बाईंनी त्यावर तक्रारीचं पत्र लिहिलं होतं. काकांना वर बोलावलं गेलं.

"त्यांना दुखलं का?" काकांनी विचारलं.

"हो, दुखलं असं त्यांनी लिहिलंय."

"मग?"

प्रकरण तिथेच मिटलं. काकू म्हणायच्या की त्यानंतर पेशंट मुद्दाम विचारून घेत, तो खरं सांगणारा इंडियन डॉक्टर आहे का आज म्हणून.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत हौशी लोकांचं तीन अंकी नाटक झालं आणि ज्येष्ठ सभासद म्हणून काकांना दोन शब्द बोलायला उभं केलं. ते दोनच वाक्यं बोलले. "नाटक लांब होतं. बटाटेवडे उत्तम होते." वडे ज्यांनी केले होते त्या कुलकर्णीबाई आणि ज्यांनी नाटक बसवलं होतं ते कुलकर्णी, यांच्यात पुढे दोन महिने अबोला होता. डोळ्यांनी कमी दिसायला लागलं तेव्हा कुणी न सांगता काकांनी स्वतःच पत्र लिहून गाडीचं लायसन्स परत केलं होतं. त्यामुळे त्यांची जुनी निळी गाडी चालवायचं काम माझ्याकडे आलं, आणि म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलं. नाहीतर मी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला नसता.

शेजारच्या घरात एमरिस नावाचे म्हातारे गृहस्थ राहायचे. रेल्वेत सिग्नलवर चाळीस वर्षं काढलेली, बायको कधीच गेलेली, एकुलती एक मुलगी बेथन कॅनडात. त्यांची आणि काकांची मैत्री कशी झाली हे काकूंनी मला चार वेळा सांगितलं, काकांनी एकदाही नाही. टिपणीस त्या घरात नवे राहायला आले तेव्हा एमरिसनी दोघांना चहाला बोलावलं आणि फायरप्लेसच्या वर टांगलेली तलवार काढून दाखवली. लांब, किंचित वाकडी, पितळी मुठीची, घोडदळाची. त्यांचे पणजोबा इव्हान विशीत अमेरिकेला कोळशाच्या खाणीत कामाला गेले होते. तिथे यादवी युद्ध पेटलं आणि आयुष्यात कधी घोड्यावर न बसलेले इव्हान घोडदळात भरती झाले. परत आले ते ही तलवार, एक कायमचा खोकला आणि गप्प बसायची सवय घेऊन. पात्यावर, टोकापासून वीतभर अलीकडे, तळहाताएवढ्या लांबीचा काळपट तांबूस डाग होता. तो रक्ताचा. कुणाच्या रक्ताचा, शत्रूच्या की मित्राच्या की घोड्याच्या, हे इव्हाननी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

काकांनी चष्मा कपाळावर चढवून डाग जवळून बघितला. "हे रक्त नाही," ते म्हणाले. "हा गंज आहे."

काकूंना वाटलं, झालं, संपला शेजार. एमरिसनी चहाची किटली उचलली. "सव्वाशे वर्षांनी तुमचाही गंजच होईल, डॉक्टर," ते म्हणाले, आणि दुसरा कप ओतला.

पुढची वीसेक वर्षं दोघं रोज संध्याकाळी कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून बोलायचे. काय बोलायचे? मी कान देऊन ऐकलंय. पाऊस येईल का, आला तर कधी थांबेल, आणि कौन्सिलने कचऱ्याचा वार परत का बदलला. बस. इतक्या भांडवलावर मैत्री इतकी वर्षं कशी टिकते हे मला अजून कळलेलं नाही.

मी तिथे असतानाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात एमरिस विसरायला लागले. जुनं सगळं लख्ख आठवायचं, अगदी कुठला सिग्नल कुठल्या साली बदलला तेसुद्धा. नवं मात्र दिवसभर टिकायचं आणि मग पुसलं जायचं. दोनदा गॅस चालू राहिला. बेथनने फोनाफोनी करून वृद्धांच्या केअर होममध्ये जागा मिळवली. जायच्या सकाळी एमरिस ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली तलवार घेऊन आमच्या दारात आले.

"तिथे तलवार ठेवू देत नाहीत," ते म्हणाले. "बेथन नाताळला येणार आहे. मी माझ्या हाताने तिला देईन. तोवर तुमच्याकडे राहू दे. स्वतःची समजून सांभाळा."

मग त्यांनी ब्लँकेट थोडं बाजूला केलं आणि डागावरून सावकाश अंगठा फिरवला. फायरप्लेसवरून तलवार काढली की ते नेहमी हे करायचे. त्यांचे डोळे काकांपेक्षाही अधू होते, डाग त्यांना दिसत नसे. खरखरीत लागायचा, त्यावरून ओळखायचे. "पणजोबांनी ही पुसली नाही," ते म्हणाले. "आजोबांनी पुसली नाही. वडलांनी नाही. मीपण नाही."

हे ते अभिमानाने सांगत होते. मला तेव्हा कळलं नाही आणि काकांना तर अजिबात नाही. काकांना ऐकू आलं ते असं की, एका घराण्याने चार पिढ्या हयगय केली आणि शेवटचा वंशज लाजून कबुली देतोय.

"बिचारा," दार लावल्यावर काका म्हणाले. "एकटा माणूस. कोण घासणार?"

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा होते, आणि काकांच्या घरी ती दरवर्षी पाटावर मांडली जायची. काकांचा स्टेथोस्कोप, काकूंचं शिलाई मशीन आणि मिक्सर. त्या वर्षी माझा लॅपटॉपही काकूंनी उचलून नेला आणि त्यावर हळदीकुंकू वाहिलं. कीबोर्डवरच्या दोन बटणांत कुंकू गेलं ते गेलंच. पण कार्डिफच्या पाटावर पहिल्यांदाच खरी तलवार येणार होती. काका आठवडाभर खुशीत होते.

"मित्राने विश्वासाने दिलीय," ते म्हणाले. "स्वतःची समज म्हणाला. मग स्वतःची असती तर जे केलं असतं ते करायला नको?"

पूजेला मळकी वस्तू मांडत नाहीत, हे तर आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. काकूंनी चिंच भिजत घातली. सकाळी नऊला काका बसले ते बारापर्यंत. चिंच, मीठ, मग तारेची घासणी, परत चिंच. डाग चिवट होता. पण काकाही काही कमी नव्हते. बारा वाजता पातं असं लखलखलं की त्यात काकांना स्वतःच्या शर्टाचं बटण दिसलं. मीही चिंच पिळून दिली, ते लपवत नाही. सुपरमार्केटातल्या पिवळ्या शेवंतीचा हार घालून आम्ही तलवारीची आरती केली. काकांचे डोळे भरून आले होते. एमरिसचे पणजोबा, ते म्हणाले, बिचारे कुठल्या कुठे जाऊन लढले, त्यांच्या तलवारीला पहिल्यांदा कुणीतरी मान दिला.

शनिवारी मी त्यांना केअर होमला घेऊन गेले. दर शनिवारी जायचो. एमरिस खिडकीशी खुर्चीत बसले होते. पाऊस येईल का, यावर बोलून झालं. मग त्यांनी विचारलं, "इव्हानची तलवार कशी आहे?"

"उत्तम!" काका म्हणाले. "घासून काढली. चार पिढ्यांचा गंज होता, सगळा गेला."

एमरिसनी विचारलं, "सगळा?"

"सगळा," काका म्हणाले. अर्धवट काम त्यांनी कधी केलंच नव्हतं.

एमरिसनी अंगठा खुर्चीच्या हातावर दोनदा फिरवला. मग ते रडायला लागले. मोठ्याने नाही. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनाही कळलं नाही इतकं हळू. "त्याने एवढंच सांगितलं होतं," ते म्हणाले. "आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती त्याने. पुसू नका म्हणून."

गाडी घराजवळ आल्यावर काका म्हणाले, "शंभर वर्षांवर टिकलं होतं. मी तीन तासांत संपवलं." मी म्हटलं, "काका, तुम्हाला माहीत नव्हतं." ते म्हणाले, "त्याने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही." तेही खरंच होतं.

पुढच्या शनिवारी काका भल्या सकाळपासून तयार होते. माफी मागायची म्हणून टाय लावला होता. एमरिस खिडकीशी बसले होते, प्रसन्न. पावसाचं बोलून झालं. मग त्यांनी विचारलं, "इव्हानची तलवार कशी आहे? कुणी पुसली नाही ना?"

आदल्या शनिवारचं काहीही त्यांच्या डोक्यात राहिलं नव्हतं.

मी काकांचा कोट ओढला. खरंच ओढला. पण काका ते काका. त्यांनी खरं सांगितलं, माफी मागितली, आणि एमरिसना ते पुन्हा पहिल्यांदाच कळलं. पुन्हा तो अंगठा, पुन्हा ते हळू रडणं.

तिसऱ्या शनिवारीही तेच. मी परत येताना गाडी बाजूला घेतली आणि चिडून म्हटलं, "काका, हे काय चाललंय? दर आठवड्याला त्यांना नव्याने मारताय तुम्ही! नका ना सांगू!"

"विचारतो तो," काका म्हणाले. "विचारल्यावर काय सांगू?"

"नाही पुसली म्हणून सांगा!"

"पण पुसलीय."

कपाळ! मी गाडी सुरू केली.

चौथ्या शनिवारी एमरिसनी विचारलं, "इव्हानची तलवार कशी आहे? कुणी पुसली नाही ना?"

काका खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "नाही. कुणी नाही पुसली. आहे तशी आहे."

"छान," एमरिस म्हणाले. "तुमच्याकडे आहे, मग मला काळजी नाही. बेथन आली की घेऊन या. अंगठा फिरवून मगच देईन तिला." आणि त्यांनी बिस्किटांचा डबा पुढे केला. काकांनी बिस्कीट घेतलं. हात न धुता खाल्लं.

घरी आल्यावर कोट न काढता ते स्वयंपाकघरात गेले. "शीला, मी आज खोटं बोललो."

काकूंच्या हातातला झारा थांबला. "कुणाशी?"

"एमरिसशी."

"बरं केलंत."

"नाही, बरं नाही केलं," काका म्हणाले. "पण आता केलंय. नाताळपर्यंत ते खरं करायला हवं."

नाताळला सात आठवडे होते. काकांनी कामाला सुरुवात केली ती रीतसर. गंज किती दिवसांत चढतो ते बघायला आधी काकूंची विळी बागेत नेऊन ठेवली.

"अहो, माझ्या आईची विळी आहे ती!"

"म्हणूनच नेली. चांगलं पोलाद आहे."

तलवारीवर जिथे डाग होता तिथे बारीक खळगे राहिले होते, त्यामुळे जागा अचूक सापडली. तेवढी तळहाताएवढी जागा मोकळी ठेवून काकांनी बाकीच्या पात्याला खोबरेल तेल चोपडलं, वर प्लॅस्टिक गुंडाळलं, आणि तलवार बागेतल्या बाकावर पावसात ठेवून दिली. आणि पाऊस थांबला. कार्डिफमध्ये, नोव्हेंबरात, नऊ दिवस कोरडं ऊन! काका रोज सकाळी बागेत जाऊन आकाशाकडे बघायचे. "इतकी वर्षं या गावात राहिलो," ते म्हणाले, "पहिल्यांदा पाऊस मागतोय." शेवटी त्यांनी काकूंच्या इस्त्रीची पाण्याची बाटली घेतली, त्यात मीठ विरघळवलं, आणि दिवसातून तीनदा तलवारीवर फवारा मारायला लागले, जेवणानंतरच्या औषधासारखा.

मागच्या गल्लीतल्या कुणीतरी कळवलं असावं. एके दुपारी एक तरुण पोलीस आला. बागेत म्हातारा, तलवार आणि फवारा.

"सर, तुम्ही या तलवारीचं काय करताय?"

"गंजवतोय," काका म्हणाले.

मग विचारलं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं, इव्हानच्या खोकल्यापासून चिंचेपर्यंत. पोलीस पहिलं पान भरेपर्यंत लिहीत होता, नंतर त्याने वही मिटली. काकूंनी दिलेला चहा घेतला. जाताना म्हणाला की त्याची आजी गंजासाठी व्हिनेगर वापरायची, म्हणजे काढायला, पण ते लावून न धुता तसंच ठेवलं तर उलट गंज लवकर चढतो. काकांनी ते लिहून घेतलं. व्हिनेगरने खरंच चढला.

नाताळच्या दोन दिवस आधी बेथन आली. पन्नाशीची, दमलेली, वडलांसारखेच खांदे. केअर होमच्या बाईंनी पाच मिनिटांची परवानगी दिली होती. काकांनी ब्लँकेट उलगडून तलवार एमरिसच्या मांडीवर आडवी ठेवली. "सांभाळून," ते म्हणाले. "धार आहे. लागेल."

एमरिसचा अंगठा मुठीकडून निघाला आणि पात्याच्या सपाट अंगावरून सावकाश पुढे सरकला. गुळगुळीत, गुळगुळीत. काका डोळे मिटून उभे होते. तीस वर्षं दुसऱ्यांचे श्वास मोजलेला माणूस, त्याचा स्वतःचा चालू होता की नाही देव जाणे. मग अंगठा खरखरीत जागेवर पोचला आणि थांबला.

"हा बघ," एमरिस बेथनला म्हणाले. "हा इव्हान."

त्यांनी तो अंगठा तिथे एकदा, दोनदा, कितीतरी वेळ फिरवला, मग बाकीची बोटंही. नवा गंज कच्चा असतो, बोटाला लागतो. त्यांची बोटं तांबडी झाली. त्याच हाताने त्यांनी काकांचा डावा हात धरला. "थँक यू, डॉक्टर," म्हणाले, आणि सोडला नाही. काकाही सोडवून घेत नव्हते.

बाहेर पार्किंगमध्ये काकांनी बेथनला सगळं सांगितलं. ते सांगणारच होते. चिंच, मीठ, घासणी, तीन शनिवार, चौथा शनिवार, व्हिनेगर. ती तलवार छातीशी धरून ऐकत राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "ऑक्टोबरात तीन शनिवारी डॅडनी संध्याकाळी मला फोन केला. रडत होते. तलवार पुसली म्हणाले. चौथ्या शनिवारी परत फोन आला. मला वाटलं, परत तेच. तर म्हणाले, इव्हान मजेत आहे, डॉक्टरांकडे आहे. त्यानंतर दर शनिवारी हेच सांगायचे."

काका जमिनीकडे बघत उभे होते. "तो डाग खोटा आहे," ते म्हणाले.

"गंज आहे ना?"

"गंज खरा आहे."

"मग झालं," बेथन म्हणाली. गाडीत बसताना तिने काच खाली केली. "डॉक्टर, टॅमरिंड म्हणजे काय?" काकांनी सांगितलं. तिने मान हलवली आणि ती गेली.

त्यानंतर मी त्या घरात वर्षभर होते, काकांना पुढेही पुष्कळदा भेटले. पण ते डोळ्यांपुढे येतात ते त्या दुपारचेच. आम्ही घरी आलो. काकूंनी पानं घेतली होती. "हात धुवा आणि बसा," त्या आतून म्हणाल्या. काका सिंकपाशी गेले, नळ सोडला, घड्याळात बघितलं आणि उजवा हात धुतला, एकटाच, कोपरापर्यंत, दोन मिनिटं. मग पुसून टेबलाशी येऊन बसले. डावा हात मांडीवर ठेवलेला, तळवा वर, त्यावर एमरिसच्या बोटांचे तांबडे पट्टे.

काकूंनी ते बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी भात वाढला.